बिनसीटीचं वरण

"जाळीला चिकटून उभी राहू नको बहू," यमुनामामी म्हणाल्या होत्या, "हिंगोट किणी को सगो नी." हिंगोट कुणाचा सोयरा नसतो, म्हणजे कुणालाही लागतो. यमुनामामी माझ्या सासूबाईंच्या वहिनी. गौतमपुऱ्यात राहतात आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या मैदानात होणारं ते आगीचं युद्ध बघत बघतच म्हाताऱ्या झाल्या आहेत. हिंगोट म्हणजे एक टणक रानफळ. ते आतून कोरतात, वाळवतात, दारू ठासतात, शेपटीला बांबूची काडी बांधतात आणि पेटवून समोरच्या गावावर फेकतात. मनात राग काही नसतो, संपलं की गळ्यात गळे घालून घरी जातात. मी फिजिक्सची बी.एस्सी. मनातल्या मनात कोन काढला, वेग धरला आणि ठरवून टाकलं की आम्ही उभे आहोत तिथवर काही पोचत नाही. "मामी, इथे नाही येत," असं मी चक्क हसून म्हटलं. माझ्या सासऱ्यांना, बाबांना, माझं हे फारच पटलं. ते म्हणाले, "अजून पुढं चल, शिवूला नीट दिसेल." पुस्तकातल्या वस्तू सरळ जातात. काडी वाकडी बसलेला हिंगोट मात्र जाळीवरून वळून येतो, सुर्रर्र करत, आणि कडेवरच्या शिवूला, माझ्या मुलीला, गुंडाळलेल्या शालीत येऊन बसतो. शाल पेटली, विझली. शिवूला ओरखडासुद्धा नाही. माझ्या मनगटावर एक डाग राहिला, बांगडीखाली झाकला जाईल इतका. मामींनी हळद लावली, मग गुजिया खाल्ल्या, मग परत येताना जीपमध्ये सगळे इतके हसले की धनेशला, माझ्या नवऱ्याला, गाडी थांबवावी लागली. मीही हसले. पुढे कितीतरी दिवस तो हा किस्सा ऑफिसात सांगत होता आणि प्रत्येक वेळी हिंगोट थोडा मोठा होत होता.

त्या सगळ्यातलं माझ्याकडे राहिलं ते एवढंच, सुर्रर्र. पहिल्यांदा मला कळलंच नाही. स्वयंपाकघरात कुकर चढला होता, मी शिवूची वेणी घालत होते, आणि सीटी व्हायच्या आधी कुकर जो श्वास घेतो ना, आतल्या आत, तो आवाज आला. मला पुढचं काही आठवत नाही. मी फरशीवर होते, शिवू माझ्या पोटाखाली होती, आणि सासूबाई, म्हणजे आई, हातात पळी घेऊन आमच्याकडे बघत होत्या. "काय गं, भूकंप झाला का?" मी म्हटलं, पाय घसरला. दुसऱ्या दिवशीही पाय घसरला. तिसऱ्या खेपेला आईंनी काही विचारलं नाही, कुकर उचलून माळ्यावर ठेवला आणि तूरडाळ उघड्या पातेल्यात घातली. तेव्हापासून आमच्या घरी बिनसीटीचं वरण. "ही दाल नाही, पोरी, ही तपश्चर्या आहे," आई पातेल्यात डोकावत म्हणायच्या. "सकाळी घातली, गळतच नाहीये. अजून थोड्या वेळानं तिला मतदानाचा हक्क मिळेल." शेजारच्यांच्या कुकरचं काय करायचं हा प्रश्न होताच. बडा गणपतीच्या मागच्या आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं आहेत आणि सकाळी साडेनऊच्या सुमाराला सगळीकडची डाळ एकदम शिजते. त्या वेळी मी शिवूला घेऊन न्हाणीघरात जायचे आणि नळ पूर्ण सोडायचे. माझ्या मुलीइतकी स्वच्छ मुलगी तेव्हा सबंध इंदुरात नसेल.

हे असं आयुष्यभर चाललं असतं. माणूस कशाचीही घडी बसवतो. बाबांची मिल बंद झाली तेव्हा नाही का आम्ही बसवली? बाबा विणकाम खात्यात जॉबर होते, त्यांच्या हाताखाली मागांची रांग चालायची. मग एक दिवस गेटवर नोटीस लागली, भोंगा वाजायचा बंद झाला, आणि त्या भोंग्यावर डबा भरणाऱ्या, पोरं उठवणाऱ्या, देवाला दिवा लावणाऱ्या बायकांनी घड्याळं विकत घेतली. शहरात दुसरीकडे काचेच्या इमारती उठत होत्या, धनेशच्या कमरेला मोबाईल आला होता, त्यावर फोन आला की तो दचकून बाहेर अंगणात जायचा, रेंजसाठी. बाबा दारापुढच्या ओट्यावर बसायचे. पूर्वी ते संध्याकाळी शिवूला खांद्यावर घेऊन गणपतीला जायचे, येताना ती त्यांच्या टकलावर तबला वाजवत असायची. आता जायचे ते एकटेच, दोन्ही हात पाठीमागे बांधून. शिवू "आबा, उचल" म्हणाली की म्हणायचे, "मोठी झालीस आता, चाल." कुणी विचारलं तर आई सांगायच्या, "मिल गेली तेव्हापासून असेच आहेत. हातच गेले त्यांचे." विचारणारा मान हलवायचा. आमच्या भागात त्या वर्षी हे उत्तर सगळ्याला चालायचं. कुणी दारू प्यायला लागला, कुणी देवदेव करायला लागला, कुणाला मधुमेह झाला, कुणी जेवताना बोलेनासा झाला: मिल. पुढे कुणी विचारायचं नाही. मीही नाही विचारलं, मी, जी शिवूच्या नखांचा रंगसुद्धा दिवसातून दहादा बघते.

मग ती दुपार आली. मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि शिवू पलंगाखाली भातुकली मांडून बसली होती. बाहुली, पत्र्याची चूल, बोटाएवढा कुकर. ती बाहुलीशी बोलत होती, माझ्याच आवाजात, माझ्याच लयीत, "हं, आता भात खायचा हं, मग गाई गाई." आणि मग तिने तोंडाने आवाज काढला. सुर्रर्र. आणि बाहुलीचं डोकं दोन्ही हातांनी जमिनीवर दाबलं, त्यावर स्वतः पालथी पडली, आणि तशीच राहिली. अजिबात घाबरली नव्हती. हाच तर धक्का. तिच्या लेखी भात शिजताना हे करायचंच असतं, जसं जेवायच्या आधी हात धुवायचे. थोड्या वेळाने उठली, बाहुलीचे केस सारखे केले आणि वाढायला घेतलं. माझ्या हातात धनेशचा अर्धा घडी घातलेला शर्ट होता. वाटलं, माझ्या आईने मला पोळ्या शिकवल्या, मी हिला हे शिकवतेय. ही मोठी होईल, कॉलेजात जाईल, हिच्या घरी कुकर असेल, आणि सीटी झाली की ही पालथी पडेल आणि हिला कारणही ठाऊक नसेल, कारण शाल पेटली तेव्हा ही कडेवर झोपेला आली होती.

अरुंधतीबाईंचं नाव धनेशने आणलं. त्या मनाच्या दुखण्यांवर उपचार करतात, त्यांना सगळे मॅडम म्हणतात. कच्छच्या भूकंपानंतर त्या तिकडे कामाला गेल्या होत्या, उपचाराची एक वेगळी पद्धत त्यांनी तिथे पाहिली, मग रीतसर शिकून घेतली. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली. खिडकीतून नदी दिसते आणि नदीचा वास येतो तेव्हा खिडकी लावून घ्यावी लागते. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी नुसतं ऐकलं. हिंगोटापासून न्हाणीघरापर्यंत. किस्सा सांगायची मला सवय झाली होती म्हणून मी हसत हसत सांगितलं, त्याही योग्य ठिकाणी हसल्या, आणि मग, धनेशने फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून, म्हणाल्या, "आणि शिवूची बाहुली?" तिथे मला पुढे सांगता येईना. पदराला डोळे पुसले तर त्या म्हणाल्या, "असू दे. काही घटना आपल्या आत नीट मुरत नाहीत. गेल्या वर्षीची दिवाळी तुमच्यासाठी गेल्या वर्षीची झालीच नाहीये, ती अजून चालूच आहे. तिला मागे जायला वाट करून द्यायची. पुसायचं काही नाही." मग उपचार काय तर त्या समोर, जरा तिरक्या बसणार, दोन बोटं माझ्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवणार, मी मान न हलवता नजरेने ती बोटं धरायची आणि मनात ती संध्याकाळ. मध्येच नको वाटलं तर हात वर करायचा, त्या थांबणार. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच. यानं नेमकं आत काय होतं, यावर डॉक्टर लोकांची अजून भांडणं चालू आहेत," त्या म्हणाल्या. "पण बऱ्याच जणांना बरं वाटतं हे मी बघितलंय. कुणाला लवकर, कुणाला वेळ लागतो." मला त्यांचं हे भांडणाचं सांगणं आवडलं. सगळं माहीत असलेल्या माणसाचं मी एकदा ऐकलं होतं, जाळीपाशी, आणि ते माणूस मीच होते.

आधी त्यांनी मला एक जागा निवडायला सांगितली, मनात जाऊन बसता येईल अशी. मी घाईने म्हटलं, सराफा, रात्रीची खाऊगल्ली. गरम कचोरी, गर्दी, दिवे. त्या म्हणाल्या, "तिथे सुर्रर्र नाही होत? कढया आहेत की." दोघीही हसलो. मग मला मिलचं आवार आठवलं. मिल बंद झाली तरी अनंत चतुर्दशीच्या झांक्या बंद झाल्या नाहीत. कामगार वर्गणी काढतात आणि आवारातल्या एका शेडमध्ये देखावे बनवतात, हलणारे, फिरणारे, डोळे मिचकावणारे. लग्न झाल्यावर पहिल्या भाद्रपदात बाबा मला ते दाखवायला घेऊन गेले होते. दुपारची वेळ, पत्र्याच्या भोकांतून आलेल्या उन्हाच्या काठ्या, खळीचा वास, आणि मधोमध बकासुर, अर्धा रंगवलेला. बाबांनी पंख्याची मोटर आणि सायकलची चेन लावून त्याचे डोळे हलते केले होते. बटण दाबलं आणि ते थाळीएवढे डोळे डावीकडून उजवीकडे फिरले, कुरकुरत, उजवीकडून डावीकडे. "कोण येतंय बघतोय," बाबा म्हणाले होते, "जेवण घेऊन." ती माझी जागा. त्यामुळे मॅडमनी पहिल्यांदा बोटं फिरवली आणि माझे डोळे त्यांच्यामागे गेले तेव्हा मीच बकासुर आहे असं वाटून मला असं काही हसू फुटलं की थांबेना. मॅडमनी पाणी दिलं. "हसूनही चालतं," त्या म्हणाल्या. "चला, बकासुर, पुन्हा."

मग मैदान आलं. बोटं इकडून तिकडे, आणि डोळ्यांमागे धूर, जाळी, शिवूचं माझ्या मानेवर पडलेलं गरम जड डोकं. मॅडम थांबायच्या, "श्वास घ्या. काय आलं?" मी सांगायचे, वास आला, लोकरीचा, जळक्या केसांसारखा. "त्याच्यासोबत राहा." पुन्हा बोटं. छातीत दगड. पुन्हा. दगड घशात. पुन्हा. एकदा तर मैदान सोडून भलतंच आलं, शाळेतल्या प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा, माझ्या आईची हाक, आणि मी लाजून म्हटलं, लक्ष भरकटलं, तर म्हणाल्या, "भरकटू दे, त्याला रस्ता माहीत आहे." बोटांच्या पहिल्या खेपेनंतर घरी येताना, नदीवरून चालत असताना पाय हलके होते, आणि त्या रात्री मला वाईट स्वप्नं पडली, हेही सांगायला हवं. पुढच्या खेपेला जाऊ नये असं वाटत होतं. शिवू बाहुलीला पुन्हा पालथं पाडत होती म्हणून गेले. त्यानंतरच्या एका खेपेला मॅडमनी विचारलं, "त्या क्षणी स्वतःबद्दल काय वाटतं?" आणि मी विचार न करता म्हटलं, "मी हिला वाचवू शकत नाही." हे वाक्य माझ्यात होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. खोलीत ते काही वेळ टेबलावर ठेवलेल्या वस्तूसारखं राहिलं. मॅडमनी बोटं उचलली.

आणि मग चित्र पुढे गेलं. इतके महिने ते एकाच ठिकाणी अडायचं: शाल, ज्वाळा, संपलं. त्या दिवशी ज्वाळेच्या पुढचं आलं. दोन हात. शालीवर थापट्या मारणारे, उघडे, भाकरी थापतात तसे. ते माझे हात नव्हते, माझे शिवूभोवती होते. मोठे पंजे, उजव्या तर्जनीवर खाच, वर्षानुवर्षं सूत ओढून पडलेली. ते हात आग विझेपर्यंत थापत राहिले आणि मग गर्दीत मागे गेले. "काय आलं?" मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, "बाबा." बोटं पुन्हा फिरली तेव्हा छातीत दगड नव्हता, नुसती छाती होती. आम्ही दोघी, दोघी म्हणजे मी आणि शिवू, वाचलो होतो. कुणीतरी वाचवलं होतं. ती संध्याकाळ संपली होती, जीप निघाली होती, सगळे हसत होते. आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर बाबा बसले होते, हाताला गमछा गुंडाळून. आईंनी विचारलं तर म्हणाले होते, चहाचा ग्लास गरम होता.

कुकर माळ्यावरून उतरला तो रविवार होता. आईंनी तो चिंचेने घासला, डाळ घातली, झाकण लावलं आणि तोफ डागायला निघाल्यासारख्या काडी हातात धरून उभ्या राहिल्या. "लावू का?" "लावा." धनेश दारात उभा, मोबाईल हातात, कुणाला फोन करणार होता देव जाणे. "अॅम्ब्युलन्स बोलावून ठेवू का?" "तू गप रे भिया," आईंनी पोटच्या पोरालाही इंदुरी पद्धतीनं 'भाऊ' करत झापलं. शिवू माझ्या पायापाशी बसली होती, बाहुली मांडीवर. कुकरने श्वास घ्यायला सुरुवात केली. आणि तेव्हा मला दिसलं की माझी मुलगी कुकरकडे बघतच नाहीये. ती माझ्या चेहऱ्याकडे बघतेय. इतके दिवस ती तिथेच बघत होती. कुकरशी तिचं काही भांडण नव्हतं. सुर्रर्र झालं. माझ्या मानेमागचे केस उभे राहिले. मग दगड शोधला तर तो नव्हता. सीटी वाजली, लांबलचक, बेसूर, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. मी उभी होते. शिवू म्हणाली, "आई, वाकायचं राहिलं." मी म्हटलं, "आता नाही वाकायचं. आता वरण खायचं." तिने जरा विचार केला, बाहुलीला उचलून उभं केलं आणि तिच्या कानात म्हणाली, "सीटी झाली. काही नाही." आईंनी पदर तोंडाला लावला. "मेली दाल एका सीटीत गळली असणार," त्या म्हणाल्या, "आणि मी इतके महिने मूर्खासारखी ढवळत बसले."

पण मी सवयीने सगळीकडे बघत असते, आणि मी दारातून बाहेर ओट्याकडे बघितलं. सीटी झाली तेव्हा बाबांचे हात पाठीमागून सुटून पुढे आले होते, शिवूच्या दिशेने, पंजे उघडे. हवेत थांबले. मग त्यांनी ते पुन्हा मागे नेले, कुणी बघितलं तर नाही ना, असं बघत. मी बाहेर जाऊन त्यांच्यापाशी बसले. "बाबा, हात दाखवा." "का? ज्योतिषी झालीस का?" "दाखवा तर." त्यांनी उशीर केला, पण दाखवले. तळव्यांवर गुळगुळीत, चमकणारे पट्टे. तिथल्या रेषाच नाहीशा झालेल्या. "चहाचा ग्लास बराच मोठा होता," मी म्हटलं. ते हसले आणि लगेच हसायचे थांबले. "मीच म्हटलं ना, पुढं चल," ते म्हणाले. "यमुना सांगत होती. मी म्हटलं, अजून पुढं. आता पोरीला उचलायला गेलो की हातात ती शाल येते. पोर येतच नाही, शालच येते." एवढंच. मिलचा त्यात एकही शब्द नव्हता. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या गप्प बसण्यावर मिलची पाटी लावून टाकली होती आणि ते त्या पाटीआड आरामात लपले होते. मी मॅडमबद्दल सांगितलं, बोटांबद्दल सांगितलं. त्यांनी फार गंभीरपणे ऐकून घेतलं. "म्हणजे डावीकडून उजवीकडे बघायचं, उजवीकडून डावीकडे?" "हो." "बेटा, मी जन्मभर मागावरचा धोटा तसाच बघितलाय. त्यानं माणूस बरा होत असता तर आमच्या खात्यात सगळे संत निघाले असते." मी म्हटलं, "मनात ती संध्याकाळ धरून बघितला नव्हता ना." त्यांनी हात पुन्हा पाठीमागे नेले. मग म्हणाले, "झांकी होऊन जाऊ दे. मग बघू."

झांकी होऊन गेली. यंदा बकासुर नव्हता, पण एक हत्ती होता आणि त्याचे डोळे फिरत होते, ते कुणी केले ते सांगायला नको. शिवू धनेशच्या खांद्यावर बसून ओरडत होती, "आबाचा हत्ती!" आणि आबा हात मागे बांधून हसत होते. मॅडमची वेळ मी दोनदा घेतली. एकदा त्यांचं पोट दुखलं, एकदा मॅडमच्या जिन्याच्या पायथ्यापर्यंत येऊन, नदी बघतो म्हणून, परत गेले. तरी जिन्यापर्यंत आले. आता धनेशच्या कंपनीने त्याला ट्रेनिंगला भोपाळला पाठवलंय, आम्ही तिघं परवा निघतोय, दिवाळीपर्यंत तिकडेच. कुकर बरोबर घेतलाय. आई घरी आहेत, पण त्या विचारतील ते मिलचंच. बघणारी मी इथे नसणार, म्हणून तुम्हाला सांगतेय. बडा गणपतीपाशी संध्याकाळी फुलवाल्याच्या बाजूच्या पायरीवर एक उंच गृहस्थ बसलेले असतात, टक्कल, पांढरा सदरा, हात मागे. मारुतीराव त्यांचं नाव. तुमचं त्या बाजूला जाणं झालं तर जरा त्यांच्याजवळ बसा. मिलचं विचारू नका. त्यावर ते तासभर बोलतील आणि काहीच सांगणार नाहीत. नात आता केवढी जड झाली असेल, एवढंच विचारा. आणि सांगताना त्यांचे हात पुढे येतात का, ते बघा.